पॅकेज ३.६ लाखांचं, हातात २३ हजार: पुण्यातल्या पहिल्या नोकरीचा महिना कसा बसवायचा

ऑफर लेटरवर ३,६०,००० लिहिलेलं असतं. घरचे १२ ने भागतात, ३०,००० येतात, आणि कोणाला किती द्यायचे, गाडी कधी घ्यायची याची बोलणी सुरू होतात. पहिल्या पगाराला खात्यात २३,००० पडतात. सात हजार कुठे गेले हे समजेपर्यंत भाड्याचा आकडा कबूल झालेला असतो आणि बऱ्याचदा गाडीचा हप्ताही. पुढचा ताण चहा-वडापावाचा नसतो, या पहिल्या चुकीच्या भागाकाराचा असतो.

खालचा हिशेब खराडीत नोकरी लागलेल्या आणि घराबाहेर राहणाऱ्या एकट्या माणसाचा आहे. करांचे आणि कपातींचे नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे. भाडं, मेस, किराणा यांचे आकडे नमुन्यासाठी घेतले आहेत. गल्ली बदलली की ते बदलतील, तेव्हा तुमचे आकडे तुम्ही घाला. रीत तीच राहील.

पॅकेज फोडून बघा

महिन्याच्या ३०,००० मधून काही रक्कम तुमच्यापर्यंत येतच नाही, किंवा आली तरी वर्षाअखेरीस येते. नमुना असा:

व्हेरिएबल पे: २,०००
कंपनीचा पीएफमधला वाटा: १,८००
ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद: ७२१
गटविम्याचा हप्ता: ४७९
उरलेला ग्रॉस (कपातीआधीचा) पगार: २५,०००

या २५,००० मध्ये समजा मूळ पगार १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि विशेष भत्ता ४,०००. आता तुमच्या बाजूची कपात. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,८००, आणि व्यवसाय कर २००. हातात २३,०००.

व्यवसाय कर महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, वर्षाला २,५००. म्हणजे फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी दिसला तर एचआरला मेल करायची गरज नाही. स्त्रियांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, त्यामुळे याच ग्रॉसवर मुलीच्या हातात २३,२०० यायला हवेत. पगारपत्रकात तरीही २०० कापलेले दिसले तर मात्र जरूर विचारा. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची किरकोळ रक्कम कापली जाते.

ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरतात. १५ भागिले २६, भागिले १२ केलं की हा आकडा येतो. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकल्यावर मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल तर हे ७२१ रुपये फक्त पॅकेज फुगवायला वापरले आहेत असं समजा. व्हेरिएबलचंही तसंच. ते कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर, बहुतेक वर्षातून एकदा, आणि पहिल्या वर्षी जितके महिने भरले तितक्याच प्रमाणात मिळतं. महिन्याच्या हिशेबात ते शून्य धरायचं.

पीएफचं पासबुक उघडल्यावर अनेकांना धक्का बसतो. आपले १,८०० जमा, पण कंपनीचे फक्त ५५०! घोटाळा नाही. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे १५,००० वर १,२५०, पेन्शन योजनेत जातात. उरलेले ५५० पीएफमध्ये. खरोखर तपासायचं ते वेगळंच. पगारातून पीएफ कापला जातोय आणि पासबुकात महिनोन् महिने काहीच येत नाही, असं होतंय का? कंपनीने मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंद दिसायला थोडा उशीर होतो, पण तीन महिने कोरे गेले तर लेखी विचारा. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांनी तर दर महिन्याला बघावं.

आयकर किती? बहुधा शून्य

वर्षाची सगळी कमाई मिळून सव्वातीन लाख. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी, आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलत. पगार १२.७५ लाखांपर्यंत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तर कर शून्य. थोडक्यात, पहिल्या नोकरीतल्या बहुतेकांना आयकराची काळजी करायचं कारण नाही.

तरीही जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसबाहेर, नात्यात, बँकेच्या काउंटरवर ‘टॅक्स वाचवा’ म्हणत पॉलिसी विकणारे भेटतात. महिना दोन हजाराची, वीस वर्षांची. जो कर लागतच नाही तो वाचवणार कसा? नव्या प्रणालीत तर त्या हप्त्याची वजावटही मिळत नाही. अशी पॉलिसी दोन-तीन वर्षांत सोडली की भरलेल्यातला मोठा भाग बुडतो, आणि २३ हजारांच्या पगारात ती सोडावी लागण्याचीच शक्यता जास्त. ओळखीच्या काकांना नाही म्हणायला जड जातं हे खरं. ‘माझा कर शून्य आहे’ हे वाक्य तेवढं पाठ करून ठेवा.

एक सापळा मात्र खरा. काही छोट्या कंपन्या नव्या मुलांना नोकरदार म्हणून न घेता ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतात. पीएफ नाही, व्यवसाय कराची कपात नाही, पण देयकातून १० टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापला जातो. २५,००० चे २२,५०० हातात येतात आणि मुलांना वाटतं पगारच तेवढा. हे कापलेले पैसे परत मिळतात, पण आयकर विवरणपत्र भरलं तरच. पॅन क्रमांकाने आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची यादी) बघा. कापलेली प्रत्येक रक्कम तिथे दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कंपनीने ती भरलेली नाही किंवा तुमचा पॅन चुकवला आहे.

पहिले चाळीस दिवस

सगळ्यात जास्त उसनवारी इथे होते, आणि घरी बसून पाच मिनिटं हिशेब केला तर ती टळते. बऱ्याच कंपन्यांत पगाराचा हिशेब महिन्याच्या २० ते २५ तारखेला बंद होतो. तुम्ही २२ तारखेला रुजू झालात तर त्या महिन्याचे नऊ दिवस पुढच्या पगारात धरले जातात. म्हणजे पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस, चाळीस दिवसांनी. रुजू होण्याआधी एचआरला दोनच प्रश्न विचारा: हिशेब कोणत्या तारखेला बंद होतो, आणि पगार कोणत्या तारखेला पडतो?

या चाळीस दिवसांसाठी किती पैसे लागतील ते राहण्यावर ठरतं. चौघांनी मिळून २४,००० चा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तर एकेकाच्या वाट्याला अडीच महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट १५,०००, एजंटची एका महिन्याची दलाली ६,०००, पहिलं भाडं ६,०००, पगाराआधी येणारं दुसरं भाडं ६,०००, कराराचा वाटा ५००, गादी-बादली-पंखा ३,०००, जेवण आणि प्रवास ८,५००. बेरीज ४५,०००.

कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन) राहिलात तर ६,५०० डिपॉझिट, दोन महिन्यांचे १३,०००, चादर-बादलीचे १,००० आणि जेवण-प्रवासाचे तेच ८,५००. बेरीज २९,०००.

फरक १६,००० चा. म्हणून पहिले दोन-तीन महिने कॉटवर काढा. महाग असली तरी. त्यात आणखी एक फायदा असा की ऑफिसची शिफ्ट, प्रवासाचा खरा वेळ आणि कोणाबरोबर राहता येईल हे कळल्यावर फ्लॅट घेता येतो. कॉलेजच्या चौघांनी रुजू होण्याआधीच फ्लॅट घ्यायचा, मग एकाला हिंजवडी मिळायची, दुसऱ्याला हडपसर, आणि उरलेल्या दोघांनी चौघांचं भाडं भरायचं, हे दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये घडतं.

भाडं ठरवताना

भाडं, वीज, नेट मिळून हातातल्या पगाराच्या ३० टक्क्यांत बसवा. २३,००० वर ते ६,९००. नमुन्यात ६,००० भाडं आणि ९०० इतर.

भाड्याचा विचार प्रवासाला जोडूनच करायचा. १,२०० ने स्वस्त खोली दहा किलोमीटर लांब असेल, तर रोज वीस किलोमीटर जास्त, महिन्याला २४ दिवस धरले तर ४८० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०४ रुपयांचं पेट्रोल धरलं तर ते अकराशे रुपये. वाचलं काय? शंभर रुपये, आणि रोजचा तास-दीड तास गेला.

लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा करतात. ११ महिन्यांचा असल्याने नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची. ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवरचं मानीव व्याज त्यात धरून), आणि शहरात नोंदणी शुल्क १,०००. या फ्लॅटचं मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास येईल. बाकी एजंट सांगतो ते त्याचे आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे. तो आकडा कमी-जास्त होतो, तेव्हा घासाघीस करा.

करारात चार गोष्टी वाचा. चौघांची नावं आहेत का? एकाच्याच नावावर करार असेल तर बाकी तिघांना पत्त्याचा पुरावा नाही आणि डिपॉझिटवर हक्क सांगायलाही अडचण. लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) किती महिन्यांचं? सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळा? आणि सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का? पुण्यात डिपॉझिटमधून महिन्याचं भाडं ‘रंगाचे’ म्हणून कापण्याची रीत सर्रास आहे. करारात लिहिलेलं नसेल तर भांडायला जागा राहते. आत शिरलात त्या दिवशी भिंती, नळ, गीझर, दारांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. सोडताना तेच कामाला येतात.

चौघांपैकी एक मध्येच निघून गेला तर? याचं उत्तर आधीच ठरवून ग्रुपवर लिहून टाका: जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं, बदली माणूस तोच आणणार, आणि त्याचं डिपॉझिट नवा येणारा देणार. मैत्री टिकवायची असेल तर हे कॉट टाकायच्या आधी.

जेवण

दोन वेळची मेस ३,३०० धरली आहे. मेसवाल्यांना पैसे देण्याआधी खाड्याचा नियम विचारा. बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा दिवस धरत नाहीत. सलग चार-पाच दिवस गेलात आणि आधी सांगितलंत, तरच खाडा पुढच्या महिन्यात वळता होतो. दिवाळीच्या महिन्यात तर महिन्याऐवजी कूपन घ्यावं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा पुण्याचा अलिखित कायदा. रविवारची ती रात्र हिशेबात धरली नाही तर महिन्याला चार वेळा बाहेरून मागवलं जातं आणि हजार-बाराशे उडतात.

म्हणून एक शेगडी हवीच. पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पुण्याच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. घराच्या सिलिंडरपेक्षा तो किलोमागे महाग पडतो, पण चहा, पोहे, अंडी आणि रविवारच्या खिचडीपुरता तो बराच टिकतो. नाश्ता, चहा, फळं आणि ती रविवारची रात्र मिळून १,८००. सकाळचा नाश्ता ऑफिसखालच्या टपरीवर केला तर पोहे आणि चहाचे रोज पन्नास जातात, महिन्याचे १,२००. तेच पोहे खोलीवर पंधरा रुपयांत होतात. रोज जमणार नाही. आठवड्यातून चार दिवस जमलं तरी पाचशे-सहाशे हातात राहतात.

स्वयंपाकाला मावशी लावायच्या का? फ्लॅटमागे ४,४०० घेत असतील तर एकेकाला ११००, किराणा-भाजी-गॅस मिळून २,२००. पुन्हा ३,३००. पैसा वाचत नाही, जेवण बरं मिळतं. चौघांच्या शिफ्ट सारख्या असतील तरच हे चालतं. एक रात्रपाळीचा असला की त्याची पोळी दुसरा खातो आणि महिनाअखेर किराण्याच्या वाटणीवरून कुरबूर होते.

प्रवास

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला पीएमपीचा (शहर बसचा) दिवसाचा पास ७० रुपये आणि महिन्याचा १,५००, हे जून २०२५ पासूनचे दर. खराडी महापालिकेत येते. हिंजवडी येत नाही, तिथे जाणाऱ्यांनी कोणता पास चालतो ते पास केंद्रावर आधी विचारावं. मेट्रोने रामवाडीपर्यंत येऊन पुढे शेअर रिक्षा असाही मार्ग आहे. पण दोन्हींचं जाऊन-येऊन भाडं मिळवून बघा, रोजच्या प्रवासाला पास बहुधा स्वस्त पडतो.

स्वतःची दुचाकी गावाहून आणली असेल तर वीस किलोमीटर रोजच्या हिशेबाने पेट्रोल ११०० आणि सर्व्हिसिंग, टायर, विमा यांचे ५००. म्हणजे पासाएवढेच. गाडी महाग नाही, हप्ता महाग आहे. साडेतीन-चार हजारांचा हप्ता या पगारात बसत नाही. खालच्या ताळेबंदात बघा, तो घालायला जागाच नाही. जुनी गाडी घेताना नाव बदलून घ्या आणि विमाही नावावर करून घ्या. अपघातात पहिला प्रश्न तोच येतो.

महिन्याचा ताळेबंद

हातात २३,०००.
भाडं: ६,०००
वीज, गॅस, नेट, झाडू-भांडी: ९००
मेस: ३,३००
नाश्ता, चहा, रविवार: १,८००
प्रवास: १,५००
मोबाईल: ३००
साबण, कटिंग, औषधगोळ्या: ७००
घरी: ३,०००
बेरीज १७,५००. शिल्लक ५,५००.

मोबाईलचा एक बारकावा. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून बारा नाही, तेरा वेळा करावा लागतो. लांब मुदतीचा प्लॅन घेण्याआधी रकमेला दिवसांनी भागा, महिन्यांनी नको.

‘शिल्लक ५,५००’ हे वाचून हुरळून जाऊ नका. यातले अडीच हजार आधीच खर्च झालेले आहेत, फक्त त्यांची तारीख यायची आहे.

बारमाही डबा

पगार पुरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांचा महिना बहुतेक वेळा ठीक असतो, वर्ष बसत नाही. दिवाळी दर वर्षी येते, तरी दर वर्षी ती अचानक आल्यासारखा खर्च होतो. वर्षाची यादी करा:

दिवाळीला घरी जाणं आणि घरच्यांसाठी घेणं ८,०००. बाकीच्या गावच्या फेऱ्या ३,०००. कपडे आणि बूट ५,०००. दवाखाना, दात, चष्मा ३,०००. मोबाईल-लॅपटॉपची दुरुस्ती आणि मित्रांच्या लग्नातले आहेर ३,५००. वर्षाने घर बदललं तर दलाली, टेम्पो, करार ७,५००. एकूण ३०,०००, महिन्याला २,५००.

हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, हाच बारमाही डबा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका. डेबिट कार्ड घरी ठेवलं तर आणखी बरं. नोकरी ऑगस्टमध्ये लागली असेल तर दिवाळीपर्यंत या डब्यात फार तर पाच-सात हजार असतील. पहिल्या दिवाळीचा खर्च तेवढ्यातच बसवायचा, क्रेडिट कार्डवर नाही.

गावच्या फेरीत पैसे वाचवायची जागा तिकिटात आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी काढून टाका. एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या त्याच वर्गाच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीत तो किती पाळला जातो ते स्वारगेट-शिवाजीनगरला उभं राहिलेल्यांना ठाऊक आहे. पण ऑनलाइन तिकिटाची पावती असेल तर आरटीओकडे तक्रार करता येते.

उरलेले तीन हजार

डबा बाजूला काढला की ३,००० उरतात. १,५०० आवर्ती ठेवीत आणि १,५०० तुमचे. सिनेमा, कट्टा, ट्रेक, काहीही. हे दुसरे दीड हजार कापून जास्त बचत करण्याचा मोह पहिल्या दोन महिन्यांत होतो आणि तिसऱ्या महिन्यात सगळंच मोडतं. राहू द्या ते.

अडचणीसाठीची गंगाजळी किती? घरचे ३,००० सोडले तर जगायला १४,५०० लागतात, तीन महिन्यांचे ४३,५००. महिना १,५०० ने याला २९ महिने लागतील. म्हणून व्हेरिएबल, दिवाळीचा बोनस आणि वर्षअखेरीस बारमाही डब्यात उरलेलं सगळं, पहिल्या दोन वर्षांत याच खात्यात टाका. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) त्यानंतर. गंगाजळी नसताना एसआयपी लावली की महिनाअखेरीला खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो, आणि बँक पाचशेच्या एसआयपीसाठी शेकड्यात दंड आणि वर जीएसटी लावते.

ऑफिसातली भिशी वाईट नाही, शिस्त लागते. पण तिला कायद्याचं पाठबळ नाही. दहा जणांपैकी एकाने आपला नंबर लागल्यावर नोकरी सोडली की संपलं.

पगाराच्या दिवशी करायची कामं

पगार पडला त्याच दिवशी, या क्रमाने: भाडं, घरचे पैसे, बारमाही डबा, आवर्ती ठेव, मेस. एकूण १६ हजारांच्या आसपास रक्कम एका बैठकीत बाहेर जाते. ठेव आणि डबा यांना स्थायी सूचना (बँकेने दर महिन्याला आपोआप पैसे वळवायची) लावा. तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, त्याच दिवसाची नको. पगार संध्याकाळी पडला तर सकाळचा व्यवहार फसतो.

उरलेल्या साधारण सात हजारांपैकी वीज-नेटचा वाटा, पास आणि मोबाईलचे बाजूला काढा. जे राहील ते आठवड्यांत वाटा. आठवड्याला नऊशे-हजार येतात. दर सोमवारी तेवढे यूपीआय लाइटमध्ये (यूपीआय अॅपमधल्या छोट्या खर्चाच्या पाकिटात) टाकायचे आणि चहा-भाजी-रिक्षा तिथूनच. लाइटमधली रक्कम गुरुवारी संपली तर ते गुरुवारीच कळतं, २६ तारखेला नाही. सगळा खर्च रुपया-रुपया लिहायच्या अॅपपेक्षा ही युक्ती जास्त दिवस टिकते.

घरी पाठवायची रक्कम ठरावीक ठेवा आणि पगारपत्रक घरच्यांना दाखवा. ‘जमेल तसे पाठवतो’ म्हणणाऱ्यांकडून कधी पाच हजार जातात, कधी काहीच नाही, आणि दोन्ही महिने वाईट जातात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर तो घरच्या रकमेतच धरायचा. दोन्ही वेगळे बसत नाहीत हे घरी बसून एकदा बोलून घ्या.

आजारपण

कंपनीचा गटविमा रुजू झाल्यापासून लागू आहे का, आणि आई-वडील त्यात येतात का, हे विचारून ई-कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. साधा ताप, तपासण्या यांचा खर्च त्यात बहुधा येत नाही, म्हणून डब्यात दवाखान्याचे ३,००० आहेत. नोकरी सोडली की शेवटच्या दिवशी हा विमाही संपतो.

महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. गावाकडच्या आई-वडिलांसाठी तिचं कार्ड आधीच काढून ठेवा. रुग्णालयात दाखल केल्यावर कागद शोधत बसायची ती वेळ नसते. बँकेत अर्ज करून अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये आणि जीवन विम्याचे ४३६ रुपये हे दोन सरकारी विमे घ्यावेत, प्रत्येकी २ लाखांचे. पैसे मेअखेरीस आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात पाचशे ठेवा.

हातात सोळा हजार असतील तर

ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर पगारातून ०.७५ टक्के ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कापले जातात. १८,००० ग्रॉसवर १३५ रुपये. १२,००० मूळ पगारावर पीएफ १,४४०, व्यवसाय कर २००, हातात १६,२२५. या पगारात वरचा ताळेबंद चालत नाही. कॉट चार-साडेचार हजारांची, तीही ऑफिसपासून चालत किंवा एका बसवर. घरचे पैसे पहिलं वर्षभर बंद किंवा हजार. डबा हजाराचा.

पण ईएसआयचा लाभ इथे मोठा आहे आणि नवी मुलं तो घेतच नाहीत. नाव नोंदवून दवाखाना ठरवून घेतला की स्वतःसह अवलंबून असलेल्या कुटुंबाचे उपचार त्यात होतात. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, त्याआधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस अंशदान भरलेलं असलं पाहिजे. कपात होत असूनही विमा क्रमांक दिलेला नसेल तर तो मागा.

उधारीची दारं

क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरली की उरलेल्यावर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. १५,००० थकले तर महिन्याला पाचशेच्या आसपास फक्त व्याज. या पगारात कार्ड घ्यायचंच तर पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सोय करून, नाहीतर नको.

झटपट कर्जाच्या अॅपवर पैसे घेण्याची वेळ आली तर आधी कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते शोधा, आणि मुख्य तपशिलाचं पत्रक मागा. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. संस्थेचं नाव सापडत नसेल, किंवा अॅप संपर्कयादी आणि फोटोंची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा. त्यापेक्षा एचआरकडे पगाराचा आगाऊ भाग मागण्यात कमीपणा नाही. बऱ्याच कंपन्या देतात, फक्त कोणी विचारत नाही.

नोकरी बदलताना

नवीन ऑफरचा आकडा पुन्हा वरच्यासारखा फोडा आणि हातातल्याची तुलना हातातल्याशी करा. ४.२ लाखांच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल ६०,००० असेल तर महिन्याची वाढ वाटते त्याहून बरीच कमी निघते. नोटीस न भरता सोडलं तर तितक्या दिवसांचा पगार कापला जातो. शिवाय दोन पगारांच्या मधे पुन्हा तीस-चाळीस दिवसांची पोकळी येते. गंगाजळी पहिल्यांदा कामी येते ती बहुतेक इथेच.

जुना पीएफ काढू नका, वळता करा. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र धरली जाते आणि ५०,००० च्या वर असेल तर टीडीएसही कापला जातो. नव्या कंपनीत जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, दुसरा तयार होऊ देऊ नका. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर रक्कम वळती होत नाही. दोन महिने वाट बघून ती तारीख पोर्टलवर स्वतः भरता येते.

पगार खात्यात तीन महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि अनेक बँकांत किमान शिल्लक लागू होते. दंड सुरू होण्याआधी ते बंद करा. पण आधी त्याला जोडलेले विमे, ठेवी आणि रिचार्ज नव्या खात्यावर घ्या.